सरांच्या खिशातले ‘मालूम नहीं’

सरांच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी पाच-सात ‘मालूम नहीं’ असायचे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची जाड पांढरी कार्डं आणि त्यांवर ठळक काळ्या अक्षरांत हे दोनच शब्द. पहाडगंजातल्या एका लग्नपत्रिकावाल्याकडून त्यांनी ती एकदमच पाचशे छापून घेतली होती. दुकानदाराने विचारलं म्हणे, “साहब, फंक्शन कौन-सा है?” सर म्हणाले, “वही तो मालूम नहीं.”

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या अंगाला एका जुन्या कोठीत आमचं म्युझियम होतं. कुठल्याशा ट्रस्टचं. चार खोल्या, एक लांब व्हरांडा, मागे स्टोअर. वस्तू काय आहे, कुठली आहे, कशासाठी आहे, हे पाटीवर लिहायचं काम सरांकडे. ज्या वस्तूबद्दल त्यांची स्वतःची खात्री पटायची नाही तिच्यापुढे ते खिशातलं कार्ड काढून ठेवायचे आणि मोठं काम केल्यासारखे हात झटकायचे. मी नोकरीला लागले तेव्हा एकट्या तीन नंबरच्या खोलीत अशी नऊ कार्डं होती. मला पहिले दोन दिवस वाटलं, ‘मालूम नहीं’ हे कुणा राजाबिजाचं नाव असावं, आणि त्याने बरंच काही गोळा करून ठेवलेलं दिसतंय.

तीन नंबरची खोली माझी. म्हणजे खुर्चीवर बसायचं, सकाळी वस्तूंवरून फडकं फिरवायचं आणि कुणी बोट पुढे केलं की ‘हाथ मत लगाइए’ म्हणायचं. हे काम मला लक्ष्मीबाई नगरातल्या वहिनींनी मिळवून दिलं. माझे मालक एका ऑफिसात ड्रायव्हर, आम्ही वहिनींच्या घरामागच्या सर्व्हंट क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी त्यांच्या घरी वरकाम करायची. वहिनींचे उपकार मी कधी विसरणार नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात त्यांचाच हात आहे. अर्ज त्यांनीच भरला. ‘शिक्षण’ या रकान्याशी आल्यावर पेन थांबलं.

“कितवी गं तू?”

“आठवीत सोडली, वहिनी.”

“दहावी हवीय इथे.” त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं आणि लिहून टाकलं, ‘दहावी पास’. पुढे सालही लिहिलं, अगदी वळणदार अक्षरात. “अगं, कोण बघतंय! फक्त गावाकडचं, शेताबिताचं काही बोलू नकोस तिथे. शहरात शिकलीस म्हणून सांग. बिल्कुल घाबरायचं नाही.”

मी घाबरायला त्या दिवसापासूनच सुरुवात केली. सरांनी फायलींचं कपाट उघडलं की मी फडकं घेऊन दुसऱ्या खोलीत पळायची. ते बहुतेक वेळा त्यात आपला जेवणाचा डबा ठेवत असत, पण ते आपल्याला नंतर कळतं.

सरांना ऑफिसात सगळे ‘प्रोफेसर साहब’ म्हणत. ते प्रोफेसर कुठेच नव्हते. हुद्दा होता ‘मानद व्याख्याता’. तीन पिढ्या दिल्लीत राहिलेलं घर. शिक्षण पहाडगंजच्या मराठी शाळेत झाल्यामुळे आपलं मराठी शुद्ध आहे, असा त्यांचा पक्का समज. “बाई, आमच्या मराठीत मिलावट नाही, बिल्कुल नाही,” असं ते सांगायचे. लाटण्याला ते ‘पोळ्यांचा डंडा’ म्हणत. दावं, खुंटी, शिंकं हे शब्द त्यांच्या घरात कधी आलेच नसावेत. मी काही बोलायची नाही. दहावी पास बाईने शहाण्या माणसाच्या मराठीत कशाला हात घालायचा?

दुपारचा डबा ते ज्या वस्तूशी भांडण चालू असेल तिच्यासमोर बसून खायचे. घोड्याच्या एका छोट्या चित्रापुढे त्यांनी सलग तीन आठवडे डबा खाल्ला. “हा घोडा काहीतरी छुपवतोय,” एवढंच म्हणायचे. चौथ्या आठवड्यात ते एकाएकी व्हरांड्यात जेवायला बसले. मी भीत भीत विचारलं, “सर, घोड्याचं काय झालं?”

“काही नाही. घोडा ठीक आहे. मीच जास्त बघत होतो.”

आणि खिशातलं कार्ड काढून चित्राखाली ठेवून आले.

शनिवारी त्यांचं व्याख्यान. हे मात्र बघण्यासारखं असायचं. श्रोते ठरलेले. लक्ष्मीबाई नगर, सरोजिनी नगरकडचे सात-आठ पेन्शनर, ते चहा आणि ब्रेडपकोड्यासाठी वेळेआधी यायचे. आणि महाराष्ट्रातून यूपीएससीसाठी आलेली पाच-सहा मुलं, ती वह्या घेऊन यायची आणि दहा मिनिटांनी एखादा विचारायचा, “सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?” सर सांगायचे, “नाही,” आणि त्यांना फार आनंद व्हायचा. मुलांनी पेनं खाली ठेवली की त्यांचा आवाज चढायचा.

टेबलावर ते गजराचं घड्याळ ठेवत. दोन कान असलेलं, चावीचं, घरून कापडी पिशवीतून आणलेलं. बरोबर पन्नास मिनिटांनी ते खणखणायचं, आणि त्या क्षणी सर बोलायचे थांबायचे. वाक्य अर्धं असलं तरी. शब्द अर्धा असला तरी. पुढच्या शनिवारी उभं राहून सुरुवात करायचे, “तो पिछले हफ्ते हम पहुँचे थे, ‘इस मूर्ति का बायाँ’... घुटना.” मधल्या आठवड्यात एका पेन्शनर काकांनी त्या डाव्याचं काय झालं हे विचारायला दोनदा फोन केला होता.

गजर वाजला की सर विचारायचे, “किसी को कुछ और दिखता है?” आणि सेकंदकाट्याकडे बघत एक मिनिट गप्प उभे राहायचे. माझ्या चार वर्षांत त्या एका मिनिटात कुणी कधी तोंड उघडलं नाही. गजराने जागे झालेले पेन्शनर चष्मे पुसायचे, मुलं दाराकडे बघायची. मिनिट संपलं की सर म्हणायचे, “चलो, चाय.” पण त्या मिनिटात त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसा गावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या माणसाचा होतो. आजची आली नाही, उद्याची येईल.

शुक्रवारी दुपारी ते अख्खं व्याख्यान मला एकटीला म्हणून दाखवायचे. मला जांभई आली की तेवढा भाग कापायचे. मी जांभई गिळायला शिकले, पण त्यांना गिळलेली जांभईसुद्धा ओळखता यायची. मग वस्तूकडे हात करून विचारायचे, “बाई, तुम्हाला काय दिसतं?” मी म्हणायची, “छान आहे, सर.” ते म्हणायचे, “छान दिसत नसतं. छान वाटतं. दिसतं काय?”

आता त्या वस्तूबद्दल लिहायला हवं.

तीन नंबरच्या खोलीत खिडकीजवळ, काचेच्या बाहेर, एका चौथऱ्यावर लाकडी भांडं होतं. ओंजळीएवढं. वरून कमळाच्या पाकळ्यांसारखं कोरलेलं, तळाला तीन भोकं, कडेला हळदीकुंकवाचे जुने डाग. रजिस्टरात फक्त ‘लकड़ी का पात्र, दक्खन’ अशी नोंद. पुढे ‘मालूम नहीं’. मी पहिल्याच सकाळी फडकं घेऊन त्याच्यापाशी गेले आणि माझा हात जागच्या जागी थांबला.

ते चाडं होतं.

तिफणीवर बसतं ते चाडं. पेरताना बैल पुढे चालतात, मागून चालणारी बाई मुठीतून बी या चाड्यात सोडत जाते, बी तीन भोकांतून तीन नळ्यांत उतरतं आणि तीन फणांमागे जमिनीत जातं. पेरणीच्या दिवशी त्याला हळदीकुंकू वाहतात, म्हणून ते डाग. हे माझ्याइतकं त्या म्युझियममध्ये कुणाला माहीत असणार? बीड जिल्ह्यात आमची कोरडवाहू जमीन. मी आठवीत असताना ऐन रब्बीच्या पेरणीत आईचा हात मोडला. वडील म्हणाले, “पोरीची मूठ बघू.” बघितली. बी सारखं पडत होतं, ना दाट ना विरळ. “हिची मूठ आईपेक्षा चांगली आहे,” असं ते चारचौघांत बोलले आणि मला आभाळ ठेंगणं झालं. पंधरा दिवस शाळा बुडाली. मग खुरपणी आली. मग पुढचं काहीतरी. शाळा मला कुणी सोडायला लावली नाही. मी फक्त परत गेले नाही.

सांगायचं म्हणजे ते चाडं हाच माझा शाळा सोडल्याचा दाखला होता आणि तो रोज सकाळी मीच पुसत होते. सरांना सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, “तुम्हाला कसं माहीत?” शहरात शिकलेल्या दहावी पास बाईला चाडं कसं माहीत? म्हणून मी गप्प बसले. एक महिना गप्प बसल्यावर सांगणं अवघड झालं, एक वर्षानंतर लाजिरवाणं झालं, आणि चार वर्षांनंतर तर ती जवळजवळ चोरीच झाली. सर त्याच्याकडे बोट दाखवून विचारायचे, “बाई, हे काय दिसतं?”

“लाकूड, सर.”

“शाबास,” म्हणायचे. “ह्या कमऱ्यात सगळ्यात प्रामाणिक उत्तर.”

मी मान खाली घालायची.

मग दिवस बदलले. दुकानात परदेशी चॉकलेटं आली, वहिनींकडे केबल आली, आणि ट्रस्टवर नवी माणसं आली. त्यांनी ठरवलं की म्युझियम गुडगावला न्यायचं. तिथे शेतं विकली जात होती आणि काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीने अशाच एका इमारतीचा तळमजला द्यायचं कबूल केलं होतं. नव्या डायरेक्टर मॅडम आल्या. वाईट नव्हत्या, हसून बोलायच्या, मला ‘दीदी’ म्हणायच्या. चारही खोल्यांतून फिरल्या आणि सरांना म्हणाल्या, “सर, आय लव इट. बस ये ‘मालूम नहीं’ हटा दीजिए. टिकट लगेगा न अब, लोग जवाब माँगेंगे.”

“जवाब न हो तो?”

“तो बना लेंगे, सर.”

“मॅडम, जहाँ पाटी पर सब कुछ लिखा हो, वहाँ आदमी रुकता नहीं. पढ़ता है और आगे.”

“आगे ही तो जाना है, सर. पीछे से भीड़ आएगी.”

सर महिनाभर अडून बसले. ट्रस्टच्या लोकांनी मग सांगितलं की पाट्या पूर्ण झाल्या तर गुडगावच्या नव्या सभागृहातले शनिवार सरांचे, नाहीतर तिथे दुसरे कार्यक्रम ठेवू. आणि सरांना शनिवार नसता तर काय झालं असतं, ते कोण सांगणार? घरी बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा कॅनडात. अर्धं वाक्य ठेवून यायचं आणि आठवडाभर त्याच्यासाठी जगायचं, एवढंच त्यांच्याजवळ होतं. मी त्यांना एकेक कार्ड उचलताना बघितलं. तीस पाट्या लिहायच्या होत्या. एकोणतीस जागी त्यांनी ग्रंथ बघून, पत्रं पाठवून काहीतरी भरवशाचं शोधलं. तिसावी पाटी खिडकीजवळच्या लाकडाची.

एका शुक्रवारी ते आले ते सांगतच आले, “बाई, जमलं. अभिषेकपात्र!”

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले.

“तीन छेद म्हणजे तीन धारा. कमळ म्हणजे पूजा. हळदीकुंकू तर समोर आहे. पिंडीवर टांगत असणार. उद्घाटनाचं व्याख्यान मी ह्याच्यावरच देतो.” आणि पन्नास मिनिटं बोलले. न अडखळता. मी त्यांना चार वर्षं ऐकत होते. खात्री असली की सर भरकटायचे, घोड्यावरून कुंभारावर आणि कुंभारावरून आपल्या आजोबांवर जायचे. त्या दिवशी ते वाचून दाखवल्यासारखे सरळ रेषेत बोलले. त्यांचा त्यांच्यावरच विश्वास बसत नव्हता.

गजर झाला. “काय दिसतं, बाई?”

सांगायचं असतं तर तेव्हाच. खोलीत आम्ही दोघंच होतो. पण आदल्याच दिवशी नोटीस लागली होती: गुडगावला येणाऱ्या सर्व कर्मचाऱ्यांनी उद्घाटनानंतर आठ दिवसांत शिक्षणाचे मूळ कागद दाखवावेत. मी वहिनींना विचारायला धावले होते. वहिनी म्हणाल्या होत्या, “अगं, पुरात गेले म्हणून सांग.” आमच्याकडे प्यायला पाणी नसतं, पूर कुठला! मुलगी नुकतीच पहिलीत गेलेली, मालकांचं ऑफिस बंद व्हायच्या बातम्या. त्या खुर्चीवर आमचं सगळं टेकलेलं होतं.

“लाकूड, सर,” मी म्हणाले.

या वेळी त्यांनी शाबास म्हटलं नाही. मिनिटभर सेकंदकाट्याकडे बघत राहिले आणि पिशवी उचलून गेले.

उद्घाटनाला आम्हाला बसने नेलं. चकचकीत इमारत, आजूबाजूला धूळ, जिन्याच्या भिंतीतून अजून तारा लोंबत होत्या. सभागृहाची एक भिंत सबंध काचेची. काचेबाहेर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे अजून न विकलेल्या शेतात एक माणूस ट्रॅक्टरने मोहरी पेरत होता. आतल्या कुणीच तिकडे बघत नव्हतं. दारात मॅडमनी गहू, मूग, तीळ आणि तांदूळ घालून धान्याची भलीमोठी रांगोळी काढून घेतली होती. सगळे ‘सो एथनिक’ म्हणत होते. चौथऱ्यावर चाडं, आणि त्याच्याखाली पितळी पट्टी, कोरलेली: ‘अभिषेक-पात्र’. फडक्याचं काम माझं, म्हणून मला चौथऱ्याशेजारीच उभं केलं होतं. नव्या साडीत. साडी म्युझियमची.

दिवा सगळेच लावतात, म्हणून मॅडमनी नवी युक्ती काढली होती. कंपनीचे मोठे साहेब दिवा न लावता पात्रात पाणी ओततील, तीन धारा पडतील, आणि म्युझियम सुरू. चांदीचा तांब्या भरून ठेवला होता. मला हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

सरांचं व्याख्यान चालू होतं, सरळ रेषेत. “...और इन तीन छेदों से जो धारा...” साहेबांनी तांब्या उचलला. आमचे वडील चाडं ओल्या जमिनीवरसुद्धा ठेवू देत नसत. पावसाचा थेंब दिसला की आधी ते पोत्याखाली जायचं, मग आम्ही. चाड्याला पाणी लागलं की लाकूड फुगतं, आणि वाळताना भोकापासून भोकापर्यंत तडकतं. मी काही विचार केला नाही. विचार केला असता तर गप्प बसले असते, त्याची मला चांगली सवय होती.

“सर, पाणी नका घालू देऊ. तडकेल ते!”

मराठीत बोलले. दीडशे माणसांत ते एकट्या सरांना कळलं. त्यांनी साहेबांच्या मनगटावर हात ठेवला. मॅडमचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे माझ्याकडे वळले.

“का?” सरांनी विचारलं. माईकवरच.

“चाडं आहे ते, सर.”

“चाडं म्हणजे?”

“पेरायचं. तिफणीवर असतं. यात बी टाकतात.”

“तुम्हाला कसं माहीत?”

आला. चार वर्षं ज्याला भीत होते तो प्रश्न, तोही माईकवर. “मी पेरलंय, सर. आठवीत असताना.”

सरांनी माझं बोलणं माईकवर हिंदीत सांगितलं आणि खाली उतरले. दाराशी गेले. वाकून रांगोळीतला गहू ओंजळ भरून उचलला. मॅडम “सर, सर” करत राहिल्या. तो गहू त्यांनी माझ्या पदरात ओतला. मग चाडं चौथऱ्यावरून उचलून दोन्ही हातांनी छातीपुढे धरलं. माझं फडकं सोडलं तर चार वर्षांत त्यांनीच कुणाला त्याला बोट लावू दिलं नव्हतं. “किधर से चलूँ?” मला हिंदीत विचारलं. मराठी विसरले असावेत.

“सरळ चला, सर. हळू. बैलासारखं.”

सर बैलासारखे चालू लागले. मी शेजारून मूठ धरली. निळ्या गालिच्यावर गव्हाच्या तीन ओळी पडत गेल्या, व्यासपीठापासून काचेच्या भिंतीपर्यंत, ना दाट ना विरळ. काचेपाशी सर थांबले. पलीकडे तो ट्रॅक्टरवाला वळत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या चाड्याकडे पाहिलं. मागे टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मोठे साहेब तांब्या ठेवून पुढे आले. “वाह, प्रोफेसर साहब! क्या कॉन्सेप्ट है! पहले ग़लत बताया, फिर गाँव की औरत से सही करवाया. ब्रिलियंट!”

सर माईककडे गेले. “ये कॉन्सेप्ट नहीं है. ये मेरी ग़लती है.”

लोक हसले आणि आणखी टाळ्या वाजल्या.

“सुनिए, मैं सचमुच ग़लत था. मुझे नहीं मालूम था.”

टाळ्या वाढल्या. सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा लोक उभे राहिले. एक बाई डोळे पुसत होत्या. आणि तेवढ्यात गजर झाला, सर अर्ध्या शब्दावर थांबले, आणि तोही कार्यक्रमाचाच भाग समजला गेला.

परतताना बसमध्ये सर माझ्या पुढच्या सीटवर होते. धौला कुआँ आलं. मग मागे न वळता म्हणाले, “चार वर्षं तुम्ही ‘लाकूड’ म्हणत होतात.”

“हो, सर. चुकलं माझं.”

“चूक नाही. लाकूडच आहे ते.” थोड्या वेळाने म्हणाले, “माझी एक ग़लती होती, तीपण त्यांनी मला ठेवू दिली नाही.”

“सर, मला एक सांगायचंय. माझ्या अर्जावर...”

“बाई, गजर झालाय. आजचं संपलं.”

त्यानंतर सर म्युझियमला आले नाहीत. मॅडमनी दोनदा माणूस पाठवला. सरांनी निरोप दिला, “दर शनिवारी चुकायचं मला जमणार नाही.” कारण मॅडमच्या मनात तेच होतं. दर शनिवारी सरांनी आधी अभिषेक सांगायचा, मग मी पेरायचं.

माझी फाईल मात्र गुडगावला पोचली. आठव्या दिवशी क्लार्कने बोलावलं. ‘पुरात गेले’ हे वाक्य मी येताना बसमध्ये पन्नास वेळा म्हणून पाहिलं होतं. तो माझा अर्ज समोर धरून हसत होता.

“दीदी, ये किसने लगाया है?”

‘शिक्षण’ या रकान्यावर, ‘दहावी पास’ झाकलं जाईल असं, एक कार्ड स्टेपलरने टोचलेलं होतं. ‘मालूम नहीं’. पिन गंजून कागदावर तांबूस डाग पडला होता. म्हणजे कालपरवाचं नव्हतं. क्लार्कने कार्डाची कड वर केली. खाली, वहिनींनी लिहिलेल्या सालाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ होतं, आणि बाजूला सरांच्या अक्षरात बारीक वजाबाकी. माझ्या जन्मसालातून हिशेब केला तर मी वयाच्या नवव्या वर्षी दहावी पास झाले होते. वहिनींचं गणित कच्चं होतं, बाकी त्या देवमाणूस. वजाबाकीखाली तारीख होती, मी नोकरीला लागले त्याच आठवड्यातली.

चार वर्षं मी सरांपासून लपवत होते, आणि ते मला शुक्रवारच्या शुक्रवारी विचारत होते, तुम्हाला काय दिसतं.

“कंप्यूटर में ‘मालूम नहीं’ नहीं जाता,” क्लार्क म्हणाला. “क्या डालूँ?”

“सातवीं पास,” मी म्हणाले. “आठवीं में छोड़ी. बुआई के टाइम.”

तो मॅडमकडे जाऊन आला. आता बाहेरची वाट, असं धरून मी पर्स उचलली होती. मॅडम स्वतः बाहेर आल्या. म्हणाल्या, “दीदी, ये तो और अच्छा है. ऑथेंटिक!” खोलीवरच्या बाईला दहावी लागायची, पेरून दाखवणाऱ्या बाईला काही लागत नव्हतं. न शिकलेली असेल तर उलट बरं. ज्या गोष्टीला मी चार वर्षं भ्यायले, तिच्यामुळेच मी टिकले. याबद्दल मी कुणाचे आभार मानावेत, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी सगळ्यांचे मानते.

ते कार्ड मी क्लार्ककडून मागून घेतलं. चाड्याखालची पितळी पट्टी कोरलेली, ती बदलायचं कुणाच्या मनात नव्हतं, ‘अभिषेक-पात्र’ तसंच राहिलं. मी कार्ड तिला टेकवून ठेवलं, अक्षरं झाकतील असं. मॅडमना वाटलं, उद्घाटनाच्या दिवशी सरच ठेवून गेले असतील. आता माणसं तिथे थांबतात आणि विचारतात, “क्या मालूम नहीं?” मी म्हणते, “बैठिए, बताती हूँ,” आणि ज्वारीची मूठ भरते. ज्वारी मी घरून आणते. गव्हाने मूठ नीट बसत नाही.

थंडी संपत आलेली असताना एका शनिवारी गर्दी पांगली आणि तिकीट हातात धरून मागून एक माणूस पुढे आला. मफलर कानांवरून घट्ट, काखेत कापडी पिशवी. मी हाक मारणार होते, तर त्यांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. मग चाड्यापुढे वाकले. कार्ड बघितलं. वरच्या कोपऱ्यात पिनेची दोन भोकं होती, त्यांवरून बोट फिरवलं. ‘हाथ मत लगाइए’ माझ्या ओठांवर येऊन परत गेलं.

“ये,” त्यांनी परक्या माणसासारखं विचारलं, “क्या मालूम नहीं है?”

“बैठिए,” मी म्हणाले. “बताती हूँ.”

ते पहिल्या रांगेत बसले. पिशवीतून गजराचं घड्याळ काढून त्यांनी मांडीवर ठेवलं, त्याला चावी दिली, आणि चेहरा वर केला.